केरेनचं ऋण, खडकवासल्याची शाळा

सिंहगडाच्या उत्तर अंगाला उभं राहिलं की खाली खडकवासल्याचं पाणी पसरलेलं दिसतं आणि पाण्यापलीकडच्या गर्द झाडीतून वर आलेला एक घुमट. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही संपवून कड्याशी आलेल्या पुणेकर आईबापांनी मुलांना तो घुमट वर्षानुवर्षं बोटानं दाखवला आहे. "ते बघ, एनडीए." मूल मान डोलावतं आणि सगळे गाडीतळाकडे वळतात. त्या इमारतीला सुदान ब्लॉक म्हणतात, हेही बऱ्याच जणांच्या कानावर आलेलं असतं. पण पुण्याजवळच्या इमारतीला आफ्रिकेतल्या देशाचं नाव का, हा प्रश्न गडावरच राहून जातो. एकदा तरी त्या घुमटाखाली जाऊन उभं राहावं, असं माझ्या मनात फार दिवस होतं.

यंदा निमित्त मिळालं. माझी भाची अकरावीत आहे आणि तिला एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षा द्यायची आहे. तिच्या क्लासच्या मुलांचा एक गट रीतसर परवानगी काढून प्रबोधिनी पाहायला निघाला होता, त्यांच्यासोबत मीही गेले. कर्वे रस्ता मागे टाकून वारजे, मग शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना रसवंत्या, टायरची दुकानं, भाजीच्या गाड्या, आणि अधूनमधून एनडीए-सीडीएसच्या तयारीच्या क्लासेसचे फलक. पुणं आता इथवर येऊन थेट फाटकाला टेकलं आहे. फाटकाशी ओळखपत्रं तपासली गेली, मोबाईल कुठे वापरायचे आणि कुठे नाहीत ते समजावलं गेलं, आणि गाडी आत शिरली.

आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो पसारा. तेव्हाच्या मुंबई राज्यानं या संस्थेसाठी 8,022 एकर जमीन देऊ केली, त्यातली 7,015 एकर जागा प्रबोधिनीकडे आहे. डोंगर, ओढे, माळ, पाणी, सगळं एकाच कुंपणात. आमच्यासोबत दिलेले हवालदार साताऱ्याकडचे होते. माणूस मोजकं बोलणारा, पण विचारलं की नीट सांगणारा. गाडी वळणावळणानं जात असताना ते म्हणाले, "ताई, इमारती नंतर बघा. आधी पाणी बघा. इथली सुरुवात पाण्यापासून आहे."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. खडकवासल्याचं दगडी धरण 1870च्या दशकात बांधलं गेलं. पुणे शहर, लष्कर भाग आणि मुठा कालव्याखालची शेती यांना पाणी पुरवण्यासाठी. ज्या इंग्रज अभियंत्यानं ते उभं केलं, त्या फाइफच्या नावानं जलाशयाला फाइफ सरोवर म्हणत. पुढे दुसऱ्या महायुद्धात या पाण्याला वेगळंच काम लागलं. जपान्यांशी लढायचं तर समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य उतरवता यायला हवं होतं, आणि ती कसरत शिकवायला जागा हवी होती. तेव्हा जलाशयाच्या उत्तर काठावर तिन्ही दलांच्या एकत्रित मोहिमांसाठी एक प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. तिथं जहाजाची एक हुबेहूब प्रतिकृती उभारली होती, तिचं नाव एचएमएस अँगोस्टुरा. समुद्रापासून कितीतरी मैल आत, सह्याद्रीच्या कुशीत, पायदळाचे जवान त्या खोट्या जहाजावरून खऱ्या पाण्यात आणि पाण्यातून चिखलाच्या काठावर उतरण्याचा सराव करत. युद्ध संपलं, केंद्र ओस पडलं, पण जागा सरकारी कागदपत्रांत राहिली. एनडीएसाठी देशभरात ठिकाणं शोधली जाऊ लागली तेव्हा खडकवासल्याच्या पारड्यात जे जे पडलं, त्यात ही जुनी तालीम होती. शिवाय लोहगावचा विमानतळ जवळ, मुंबई आणि अरबी समुद्र फार लांब नाही, हवा चांगली, आणि तीन दलांना पुरेल इतकी वेगवेगळ्या जातीची जमीन.

हवालदारांनी आम्हाला पीकॉक बे दाखवलं. जलाशयाचा एक हात इथं प्रबोधिनीच्या हद्दीत शिरतो. काठावर शिडाच्या होड्या ओळीनं लावलेल्या होत्या, आणि पाण्यात दोन होड्या एकमेकींना वळसा घालत होत्या. सूत्रं हातात धरलेला मुलगा नौदलाचा असेलच असं नाही. उद्या रणगाड्यात बसणारा किंवा लढाऊ विमान उडवणारा छात्रही इथं वारा ओळखायला शिकतो. त्याच पटावरचा नौदलाचा छात्र घोड्यावर बसतो, मोटर-ग्लायडरमधून वरून हा सगळा परिसर पाहतो. भाचीनं विचारलं, "काका, नेव्हीत जायचं असेल तर घोडा कशाला शिकायचा?" हवालदार हसले. "घोडा तुमचं दल विचारत नाही, बाळा. पाडतो सगळ्यांना सारखाच."

एनडीएच्या इतिहासातला गाभ्याचा विचार हाच आहे. स्वातंत्र्यापूर्वी भारतीय तरुणाला अधिकारी व्हायचं तर आधी इंग्लंडमधलं सँडहर्स्ट, तेही मोजक्या जागांवर. 1932 पासून डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी आली, पण ती भूदलाच्या वाटेची. नौदल वेगळं, हवाई दल वेगळं. महायुद्धानं दाखवून दिलं की या तिघांना एकमेकांची भाषा येत नसेल तर त्याची किंमत जवानांच्या जिवानं मोजावी लागते. 1945 मध्ये सरसेनापती क्लॉड ऑकिनलेक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिनं जगभरच्या लष्करी शिक्षणसंस्थांचा अभ्यास केला आणि डिसेंबर 1946 मध्ये अहवाल दिला. शिफारस अशी, की तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांना कोवळ्या वयातच एका छताखाली आणावं, एकत्र शिकवावं, आणि मगच आपापल्या दलाकडे पाठवावं. आज जगात अशा संयुक्त संस्था आहेत. त्या काळी हा मोठा धाडसी विचार होता, आणि नुकत्याच फाळणीतून बाहेर पडलेल्या, तिजोरी रिती असलेल्या देशानं तो मनापासून उचलला.

इमारत तयार होईपर्यंत थांबायचं नाही, असं ठरलं. 1 जानेवारी 1949 रोजी डेहराडूनजवळच्या क्लेमेंट टाउनमध्ये जॉइंट सर्व्हिसेस विंग सुरू झाली. त्याच वर्षी 6 ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी खडकवासल्याला कोनशिला बसवली. पाच वर्षं इकडे काळा दगड घडवला जात होता आणि तिकडे डेहराडूनला छात्रांच्या तुकड्या एकामागून एक बाहेर पडत होत्या. मेजर जनरल इनायत हबीबुल्ला यांच्याकडे 1953 मध्ये सूत्रं आली. लखनौच्या नामवंत मुस्लिम घराण्यातले हे अधिकारी फाळणीनंतर इथंच राहिले होते. चालू संस्था जराही न थांबवता हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीच्या पायथ्याशी आणण्याचं काम त्यांच्या कारकिर्दीत झालं. 7 डिसेंबर 1954 रोजी प्रबोधिनी रीतसर कार्यान्वित झाली, आणि 16 जानेवारी 1955 ला उद्घाटनाचा सोहळा झाला. डेहराडूनहून आलेली दहावी तुकडी इथल्या मैदानावर उभी राहिली.

क्लेमेंट टाउनच्या अगदी पहिल्या तुकडीचं एक फळ मराठी वाचकाला माहीत असायला हवं. त्या तुकडीतले तीन मुलगे पुढे एकाच वेळी तिन्ही दलांचे प्रमुख झाले. जनरल सुनीत फ्रान्सिस रॉड्रिग्ज गोव्याच्या मुळाचे, मुंबईत जन्मलेले. अ‍ॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास मुंबईत जन्मले आणि निवृत्तीनंतर अलिबागजवळच्या भायमळा गावात शेती करत राहिले. तिसरे एअर चीफ मार्शल निर्मलचंद्र सुरी. 1991 च्या जुलैअखेर सुरी हवाई दलाचे प्रमुख झाले, तेव्हा देशाची तिन्ही दलं एका वर्गातल्या मित्रांच्या हाती होती. 2019 च्या अखेरीला तोच योग पुन्हा आला. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीत शिकलेले मनोज मुकुंद नरवणे, नौदलाचे करमबीरसिंग आणि हवाई दलाचे राकेशकुमारसिंह भदौरिया हे तिघे एनडीएच्या 56व्या तुकडीचे. समितीच्या अहवालातल्या एका शिफारशीला याहून चोख उत्तर काय असणार?

आता सुदान ब्लॉक. गाडी थांबली आणि मी पहिल्यांदा तो जवळून पाहिला. तीन मजले, काळा बेसाल्ट आणि ग्रॅनाइट, जोधपूरचा लाल वालुकाश्म, कमानी, खांब, लांबच लांब ओवऱ्या, आणि या सगळ्यावर तो घुमट. गडावरून तो नाजूक वाटतो. खालून बघताना मान मागे टाकावी लागते. भोवती लढायांत हस्तगत केलेले रणगाडे आणि तोफा मांडलेल्या आहेत. मुलं आधी तिकडे धावली, त्यांच्या वयाला ते साजेसंच होतं. मी दारातून आत गेले.

आतल्या दालनात पांढरा इटालियन संगमरवर आहे, पायाखाली आणि भिंतींवरही. बाहेरच्या उन्हातून आत आलं की डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही, मग हळूहळू भिंतीवरची माणसं दिसू लागतात. एनडीएच्या ज्या माजी छात्रांना परमवीर चक्र किंवा अशोक चक्र मिळालं, त्यांची ही चित्रं. चेहरे तरुण आहेत, काही तर फारच तरुण. भाची माझ्या मागोमाग आली होती. ती एकेक नाव मोठ्यानं वाचू लागली आणि दोन-तीन नावांनंतर मनात वाचू लागली.

या दालनाखालचा पाया आफ्रिकेत आहे. जुलै 1940 मध्ये इटलीच्या सैन्यानं इरिट्रिया आणि इथिओपियातून सुदानची सीमा ओलांडून कस्सला आणि गल्लाबात ही ठाणी घेतली. सुदान तेव्हा इंग्रजांच्या अमलाखाली होता आणि त्याच्या रक्षणाला सैन्य फार थोडं होतं. ते रक्षण करायला भारतातून पाचवी डिव्हिजन गेली आणि पुढे चौथी येऊन मिळाली. जानेवारी 1941 पासून या दोन डिव्हिजननी इटालियन सैन्याला मागे रेटायला सुरुवात केली.

खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा एक तरुण अधिकारी त्या पाठलागात होता, सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत. गल्लाबातच्या पलीकडे मेटेम्मापासून पुढच्या रस्त्यावर शत्रूनं सुरुंग पेरले होते आणि मागून येणाऱ्या फौजेला वाट मोकळी हवी होती. भगत सर्वांत पुढच्या गाडीत बसले. चार दिवसांत 55 मैलांवरची 15 सुरुंगक्षेत्रं त्यांनी शोधून काढली आणि साफ करवून घेतली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी जागा सोडली नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. पुण्याच्या खडकीत ज्या दलाचं माहेर आहे, त्या दलाचा हा माणूस.

यापुढची लढाई केरेनची. इरिट्रियाच्या पठारावर चढणारा रस्ता आणि रेल्वे दोन्ही एका खिंडीतून जातात, आणि खिंडीच्या दोन्ही अंगांना उभे, उघडेबोडके डोंगर. वर इटलीचं उत्तम सैन्य, खाली भारतीय आणि ब्रिटिश पलटणी. मावळात वाढलेल्या माणसाला अशा जागेचा अर्थ समजावून सांगायला नको. वरच्याच्या हातात दगड असला तरी खालच्याचं चालत नाही, आणि इथं वर मशिनगन आणि तोफा होत्या. पाणी, दारूगोळा, जखमी, सगळं माणसांच्या पाठीवरून न्यावं-आणावं लागे. फेब्रुवारीत केलेले हल्ले मागे रेटले गेले. तिथंच राजपुताना रायफल्सचे सुभेदार रिछपाल राम धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 15 मार्चला पुन्हा चढाई झाली. त्या दिवशी मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीनं 'फ्लॅट टॉप' नावाची टेकडी घेतली. बाजूच्या पलटणींनी आणखी उंचवटे घेतले, डोलोगोरोडोकचा किल्ला पडला, सॅपर्सनी दरडी आणि अडथळे काढून खिंडीचा रस्ता मोकळा केला, आणि 27 मार्च 1941 ला केरेन हाती आलं. जे भारतीय जवान परतले नाहीत, त्यांतल्या हिंदू आणि शीख जवानांना तिथंच अग्नी दिला गेला. त्यांच्या नावांचं दहनस्मारक आजही केरेनमध्ये आहे.

हीच तिसरी मराठा पलटण पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली आणि 11 डिसेंबर 1971 ला बांगलादेशातल्या टांगाईलवर आकाशातून उतरली. केरेनचा कडा चढणाऱ्यांचे वारस तीस वर्षांनी आकाशातून खाली आले.

या लढाईनंतर 1941 मध्ये सुदान सरकारनं भारताला एक लाख पौंडांची भेट दिली. सुदानच्या रक्षणासाठी ज्या भारतीय जवानांनी रक्त सांडलं, त्यांचं स्मारक व्हावं म्हणून. पुढे असं ठरलं, की ही रक्कम नव्या संयुक्त प्रबोधिनीला लावावी. फाळणीत या पैशाचीही वाटणी झाली. 70 हजार पौंड भारताकडे राहिले, 30 हजार पाकिस्तानला गेले. त्या वाटणीत अन्याय काही नव्हता, कारण केरेनच्या डोंगरावर बलुच आणि पंजाबी पलटणीही लढल्या होत्या. कागदावर पैसे वेगळे करता आले. डोंगरावर सांडलेलं रक्त कुणाला वेगळं करता आलं नसतं.

मला या निर्णयाबद्दल मनापासून आदर वाटतो. एक लाख पौंडांत संगमरवरी स्तंभ, कारंजी, पुतळे, सगळं झालं असतं. दरवर्षी एकदा फुलं वाहिली गेली असती. त्याऐवजी एक शाळा काढायचं ठरलं, जिथं दर सहा महिन्यांनी नवी मुलं येतात आणि गेलेल्यांच्या नावाखालून वर्गात जातात. इमारतीला नाव दिलं सुदान ब्लॉक, आणि 30 मे 1959 रोजी सुदानचे भारतातले राजदूत रहमतुल्ला अब्दुल्ला यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. भेट देणारा देश 1956 च्या पहिल्या दिवशी स्वतंत्र झाला होता, घेणारा त्याआधी सुमारे साडेआठ वर्षं. गुलामीच्या काळातलं देणं दोन स्वतंत्र देशांनी समोरासमोर उभं राहून पुरं केलं.

त्या दालनातल्या एका चित्रापाशी मी बराच वेळ थांबले. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया. एनडीएच्या माजी छात्रांमधले परमवीर चक्राचे पहिले मानकरी. 1961 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून ते काँगोला गेले होते. 5 डिसेंबरला एलिझाबेथव्हिलमध्ये विमानतळाकडच्या रस्त्यावर कटांगाच्या बंडखोर जेंडार्मरीनं अडथळा उभारला. सलारियांच्या हाताशी गोरखा रायफल्सचे अवघे 16 जवान, समोर सुमारे 90 शत्रू आणि दोन चिलखती गाड्या. त्यांनी खुकरी उपसून हल्ला चढवला. मानेला गोळी लागल्यावरही ते लढत राहिले, शत्रू पळाला, आणि सलारिया गेले. वय 26.

एका वर्तुळाची ही पूर्तता आहे असं मला त्या चित्रासमोर वाटलं. आफ्रिकेच्या भूमीवर पडलेल्या भारतीय जवानांसाठी आफ्रिकेतून आलेल्या पैशावर ही संस्था उभी राहिली, आणि तिचा पहिला परमवीर आफ्रिकेतच, दुसऱ्या एका देशातली माणसं सुरक्षित राहावीत म्हणून गेला. केरेनला भारतीय जवान दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी गेले होते. काँगोला सलारिया स्वतंत्र भारताचा गणवेश आणि संयुक्त राष्ट्रांची निळी खूण घेऊन गेले. वीस वर्षांत केवढा पल्ला!

1961 हे साल इथल्या काठालाही विसरता येणार नाही. 12 जुलैला सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं. तो लोंढा खडकवासल्याच्या जुन्या भिंतीला पेलवला नाही, तीही फुटली आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. ज्या पाण्यासाठी ही जागा निवडली होती, तो जलाशय रिता झाला. पीकॉक बेच्या होड्यांखाली चिखल उरला. धरण पुन्हा बांधलं गेलं, पाणी पुन्हा चढलं, शिडं पुन्हा उभारली गेली. पुण्याची आणि प्रबोधिनीची नाळ एकाच पाण्याशी जोडलेली आहे, हे त्या पुरानं दाखवून दिलं.

दुपारच्या सुमारास रस्त्यावरून सायकलींची एक तुकडी गेली. चौघाचौघांच्या रांगा, पाठी ताठ, नजर समोर, एकाची चेन खडखडत होती तरी रांग मोडली नाही. पाठोपाठ आणखी एक तुकडी आली, ही मात्र सायकली हातात धरून धावत होती. हवालदार म्हणाले, "ज्युनिअर टर्म." एवढंच. इथला छात्र साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यान येतो, तीन वर्षं, म्हणजे सहा सत्रं राहतो. अल्फापासून रोमिओपर्यंत 18 स्क्वाड्रन आहेत, त्यांच्या पाच बटालियन. शेवटी हाती जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी पडते, पण अधिकाऱ्याचा हुद्दा अजून पडत नाही. त्यासाठी आणखी प्रशिक्षण, भूदलाचे डेहराडूनला, नौदलाचे केरळात एळिमलाला, हवाई दलाचे हैदराबादजवळ दुंडिगलला. भोजनगृहात दोन हजारांहून अधिक छात्र एका वेळी बसतात. त्या टेबलांवर कोण कुठल्या दलाचा हे कुणी विचारत नाही, सगळ्यांना भूक सारखीच लागलेली असते.

आपला सह्याद्री त्यांच्या अभ्यासक्रमातच आहे. एका शिबिराचं नावच कॅम्प तोरणा. आणि सिंहगड तर प्रत्येक माजी छात्राच्या बोलण्यात येतो. चूक झाली की शिक्षा म्हणून गड चढून यायचं, अशी इथली जुनी रीत. आपण जिथं रविवारी हौसेनं जातो, तिथं ही मुलं घाम गाळत, घड्याळ बघत पोहोचतात. पंजाबातल्या, मणिपूरमधल्या, तमिळनाडूतल्या, शेजारी मित्रदेशातल्या मुलांना तानाजीचा कडा पायांनी पाठ होतो. मराठी मुलखाचा एवढा तुकडा तरी देशाच्या कितीतरी अधिकाऱ्यांच्या पोटऱ्यांत साठलेला आहे, याचा मला अभिमान वाटतो.

शेवटी आम्ही संचलनाच्या मैदानाच्या कडेला उभे राहिलो. हे खेतरपाल मैदान. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा जन्म पुण्याचा, 14 ऑक्टोबर 1950 चा. एनडीएची 38वी तुकडी, फॉक्सट्रॉट स्क्वाड्रन. पुढे 17 पूना हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट, जिचं मूळ 1817 मध्ये पुण्यातच उभ्या राहिलेल्या घोडदळात आहे. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याला आग लागली, मागे फिरण्याचा हुकूम आला, आणि त्यांनी कळवलं की माझी तोफ अजून चालते आहे. ते लढत राहिले आणि तिथंच गेले. वय 21. दर सत्राच्या अखेरीस याच मैदानावर दीक्षान्त संचलन होतं, आणि बाहेर पडणारा छात्र क्वार्टर डेकच्या पायऱ्यांवरून आपला 'अंतिम पग' टाकतो.

30 मे 2025 रोजी त्या पायऱ्यांवरून पहिल्यांदा मुलींची पावलं गेली. ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलींना परीक्षेला बसू देण्याचा आदेश दिला, 2022 मध्ये 148व्या तुकडीबरोबर त्या इथं दाखल झाल्या आणि तीन वर्षांनी 17 जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. सुदान ब्लॉकच्या उद्घाटनाला त्याच दिवशी बरोबर 66 वर्षं पूर्ण होत होती. भाची मैदानाच्या कडेनं चालत क्वार्टर डेक दिसेल अशा जागी गेली आणि हवालदारांना विचारू लागली, धावायला किती अंतर असतं, दृष्टी किती लागते, मुलाखतीचे पाच दिवस कसे असतात. तिच्या प्रश्नांत स्वप्नाळूपणा कमी आणि हिशेब जास्त होता. मला ते आवडलं.

परतीच्या गाडीत तिनं मात्र मला वेगळं विचारलं. "मावशी, केरेन आमच्या पुस्तकात का नाही?" मी तिला पानिपतापासून कारगिलपर्यंतच्या लढाया मोजून दाखवू शकले असते. तिचा प्रश्न त्यानं सुटला नसता. परकीय सत्तेच्या झेंड्याखाली लढलेल्या आपल्या माणसांचं काय करायचं, हे आपल्याला नीट उमगलेलं नाही, म्हणून आपण त्यांच्याबद्दल गप्प राहतो. खडकवासल्याला ज्यांनी ही संस्था उभी केली, त्यांनी हा पेच फार सुंदर सोडवला. त्यांनी त्या जवानांच्या मरणातून आलेला पैसा स्वतंत्र देशाच्या मुलांच्या शिक्षणाला लावला. साम्राज्य गेलं, शाळा राहिली.

म्हणून सांगते, मुलांना घेऊन एनडीए पाहायला जा. परवानगीला वेळ लागतो, पण मिळते. रणगाडे दाखवा, होड्या दाखवा, पण सुदान ब्लॉकच्या दालनात थोडं थांबा आणि त्यांना तिथली नावं वाचू द्या. मग घरी आल्यावर नकाशा उघडून कस्सला, गल्लाबात आणि केरेन शोधून दाखवा. कोंढाण्याची लढाई आपल्या मुलांना पाठ आहे, केरेनचीही असायला हवी. तिथल्या टेकडीवर चढलेले जवान कोकणातल्या आणि देशावरच्या आपल्याच गावांतून गेले होते.